गेनू ओताऱ्याची घंटा

श्रीपूर्णनाथ महाराज तेव्हा निंबगव्हाणला, ओतारआळीजवळच्या धर्मशाळेत उतरले होते. गावचे इनामदार विसाजीपंत यांनी नवे शिवालय बांधले होते आणि घंटेचे काम विशीतल्या गेनू ओताऱ्याला दिले होते.

घंटा झाली, दिसायलाही देखणी! पण गेनूने ती वाजवून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने घण घालून तिचे तुकडेच केले.

पंत धावत आले. "गेन्या, वेड लागलं का तुला? चांगली वाजत होती की! देव काय सूर तपासायला बसलाय?"

"वाजत व्हती, सरकार. पर नाद मधीच मरत व्हता. मला जेवनच जाईना."

पंत खो खो हसले. "ओताऱ्याचं पोर आणि नखरे गवयाचे! परवा देवाची स्थापना आहे. घंटा टांगलेली दिसली नाही, तर भट्टी मोड आणि गाव सोड."

गेनूने जिवाचे रान करून नवा साचा केला. पण काशाचे तुकडे पुन्हा वितळवले की थोडा धातू जळतोच. मुशीतला रस पाहून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. साचा भरणार नव्हता!

एवढ्यात महाराज भट्टीपाशी आले आणि आपली जेवणाची काशाची वाटी त्यांनी मुशीत टाकली.

"महाराज, एवढीशी वाटी कुठं पुरनार? आन् तुम्ही जेवनार कशात?"

"आम्हाला हात आहेत की! तू ओत, बाळ."

गेनूने देवाचे नाव घेऊन मूस कलती केली. काय सांगावे! साचा काठोकाठ भरेपर्यंत धार तुटलीच नाही.

स्थापनेच्या दिवशी पहिला टोल पंतांनीच दिला. नाद शिवारभर गेला आणि किती तरी वेळ हवेत राहिला. पंतांचे डोळे भरून आले.

"महाराज, मला तर पहिलीही चांगलीच वाटली होती. मग या पोराने एवढा जीव का टाकला?"

महाराज म्हणाले, "पंत, आम्ही नुसती वाटी दिली. पहिल्या घंटेनंतर ज्याने याच्या घशाखाली घास उतरू दिला नाही, तो तुमच्या गाभाऱ्यातला महादेवच."

पंत महाराजांच्या पायांशी वाकले, तर महाराजांनी बाजूला होऊन गेनूला पुढे केले. गेनू ओशाळून मागे सरू लागला. पण पंतांनी पागोटे काढले आणि राखेने माखलेल्या त्या पायांवर डोके ठेवले.