काडी दाखवेल तिकडे

त्या माळावर बातमीवर कुणी विश्वास ठेवत नसे. विश्वास ठेवायचा तो जाऊन पाहिलेल्यावर. मधमाशी रानातून परतली की पोळ्याच्या मधल्या चौकात उतरायची, कंबर हलवत सरळ चालायची, वळायची, पुन्हा चालायची. त्या नाचातून बाकीच्यांना कळायचं, की सूर्याच्या कुठल्या अंगाला आणि किती लांब फुलोरा आहे. बोलायला त्यांना तोंड होतं, पण वाट मात्र नाचूनच सांगायची. आणि सांगितली म्हणून कुणी लगेच मान डोलवायची नाही. "असेल बाई," म्हणत दोघी-चौघी उडायच्या, फुलात तोंड घालून यायच्या, आणि पटलं तरच नाचायच्या. न पाहिलेल्याचा नाच हे तिथलं सगळ्यांत मोठं पाप होतं. चोरी एक वेळ माफ व्हायची.

रीत मोठी छान होती, असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा, तिनं काय केलं तेही ऐका. ओढ्यापलीकडे एक पोळं होतं. एका कोरड्या साली त्यांच्या बाजूचं रान करपून गेलं. ओढ्याच्या अलीकडे मात्र करंज नुसता फुलून सांडत होता. पलीकडच्यांनी ओढा कधी ओलांडला नव्हता, आणि अलीकडच्यांना पलीकडे कुणी राहतं हेच धड माहीत नव्हतं. ते पोळं उपाशी मेलं आणि इकडे मध ठेवायला जागा पुरेना. स्वतःच्याच डोळ्यांवर जगणाऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांपुढचं दिसतं. ओढ्यापलीकडचं कसं दिसणार?

ते मेलेलं पोळं भुंगरावानं पाहिलं. भुंगराव म्हणजे लाकूड पोखरून राहणारा काळा भुंगा. एकटा जीव, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या वाळलेल्या पिल्लांपाशी तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला. तो घरी आला आणि बरेच दिवस कुणाला दिसला नाही. दिसला तेव्हा त्याच्या पायांत एक काडी होती.

वाळल्या गवताची साधी काडी. बाभळीच्या काट्यावर मधोमध तोललेली, टोकाला मेणाचा एक थेंब. त्या मेणात त्यानं काय कालवलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण ज्या घराशी काडी ठेवली त्याचा वास सोडून, माश्यांचा वास जिकडून दाट यायचा, तिकडे तिचं टोक वळायचं. जिथे माश्यांची दाटी तिथे फुलं, असा सरळ हिशेब. भुंगराव लबाड नव्हता. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "बायांनो, काडीला फुलं कळत नाहीत हं. तिला तुम्ही कळता." माश्यांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगावं! आजवर त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं.

पोळ्यातली मुख्य वाटाडी होती रुंजी. नवी फुलं, नवं पाणी, नवी ढोली शोधून आणायचं काम तिचं. तिच्या नाचाकडे बघून म्हाताऱ्या माश्यादेखील पंख सावरून बसायच्या. ती काडीवर लगेच भाळली नाही. काडी पूर्वेला वळली की ती पूर्वेला जाऊन यायची. पळस खरंच फुललेला असायचा. दक्षिणेला वळली की दक्षिणेला, तिथे शेवगा. कितीदा पाहिलं, दर वेळी खरं. शेवटी तिचाच तिला कंटाळा आला. खऱ्याला रोज रोज खरं कशाला ठरवायचं? धाकटी बहीण तांबी तर हसायची, "ताई, तू काडीची परीक्षा घेतेस की काडी तुझी?"

आणि भरभराट झाली, ती खोटी नव्हती. काडी प्रत्येक पोळ्याच्या दाराशी आली. माळावर पुन्हा कुणी उपाशी मेलं नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांच्या माश्या एकाच फांदीवर भेटू लागल्या, एकमेकींच्या आयांची चौकशी करू लागल्या. पिल्लं वाढली, मध वाढला. भुंगराव म्हातारा होऊन मेला तेव्हा माळभरच्या पोळ्यांनी दुपारपर्यंत काम बंद ठेवलं. एवढा मान कुठल्या राणीलाही मिळाला नव्हता.

पुढे मधाला जागा कमी पडू लागली, तेव्हा पोळ्याच्या मधला नाचाचा चौक भरून घ्यायचं ठरलं. विरोध कुणी केला नाही, रुंजीनंही नाही. तिथे नाचतंय कोण? चौकात कप्पे आले, कप्प्यांत मध आला, त्यावर झाकणं बसली. त्या हंगामात जन्मलेल्या माश्यांनी नाच पाहिलाच नाही. म्हाताऱ्या कधी सांगायला लागल्या तर पोरी म्हणायच्या, "म्हणजे तुम्ही कंबर हलवत होता? सगळ्यांसमोर? अगं बाई!"

एक गोष्ट मात्र हळूहळू बिघडत होती, आणि ती नेमकी कुठे बिघडतेय ते कुणाला धरता येत नव्हतं. काडी जिकडे वळायची तिकडे सगळ्या जायच्या. सगळ्या गेल्या की तिथे वास दाटायचा, आणि वास दाटला की काडी तिथेच खिळून राहायची. फुलं संपली तरी ती लवकर हलायची नाही. माळाच्या कडेची बारकी फुलं, कुर्डू, टाकळा, रानतुळस, यांच्याकडे कुणी फिरकेना. माशी नाही म्हणजे बी नाही. पुढच्या साली ती फुलं कमी उगवली, त्याच्या पुढच्या साली दिसलीच नाहीत. उरली ती सोनकी. जिकडे बघावं तिकडे पिवळी सोनकी. पोरींना वाटायचं, फूल म्हणजे पिवळंच असतं.

आणि सगळ्यांच्या जिवाला एक घोर लागला. पूर्वी माशी उठली की आधी पंख झाडायची. आता डोळा उघडताच विचारायची, "काडी कुठे बघतेय?" उडताना मागे वळून बघायची, आपण उशिरा तर निघालो नाही ना? फुलावर बसलेली असताना वाटायचं, आत्ता तिकडे काडी फिरली असेल आणि आपण इथे वेड्यासारख्या बसलोय. मध भरपूर होता, पण तो पोटात उतरत नव्हता. रुंजीला तर झोपेतही टोक फिरताना दिसायचं.

अशात पोळं भरलं. इतकं भरलं की पिल्लांना पाय हलवायला जागा उरेना. त्या राज्याची चाल अशी, की घर भरलं म्हणजे जुन्या राणीनं ते लेकीला सोडायचं आणि निम्मी मंडळी घेऊन नव्या घराला निघायचं. सगळ्या तिला आईच म्हणत. आई थकली होती. वाटेतल्या फांदीपर्यंत एकदा आणि तिथून नव्या घरापर्यंत एकदा उडेल, एवढीच ताकद तिच्या पंखांत उरली होती, आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती. तिनं रुंजीला जवळ बोलावलं.

"पोरी, थंडी तोंडावर आलीय. ढोली चांगली बघ. तोंड लहान, पोट मोठं, वारा आत न येणारी. चुकलीस तर मला तिथून पुन्हा उडता यायचं नाही."

"तू काळजी करू नकोस, आई," रुंजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती किती तरी काळानं काडीकडे न बघता बाहेर पडली. वाऱ्याच्या उलट गेली, ओढा ओलांडला, उतारावरच्या एका हिरड्यात तिला ढोली सापडली. तोंड एका माशीला आरामात जाता येईल एवढं, आत कोरडी ऊब. जुन्या रीतीप्रमाणे ती आतल्या भिंतींवरून सगळीकडे चालून आली. चालता चालता तिला रडूच कोसळलं, इतकी ती जागा चांगली होती.

परत येऊन ती नाचायला गेली, तर चौक कुठे होता? मग दाराच्या कडेलाच नाचली. जुन्या दोघी-चौघी थांबल्या. त्यांना नाच कळत होता, सगळा कळला. पण उडाली एकही नाही. त्या काडीकडे बघत होत्या, आणि काडी भलतीकडेच, सोनकीकडे वळलेली.

"ताई," तांबी अगदी प्रेमानं म्हणाली, "तिकडे तू एकटीच गेली होतीस ना?"

"हो."

"मग ती जागा चांगली कशी असेल? चांगली असती तर काडीला कळलं नसतं का?"

रुंजीनं ती ढोली पायांनी चालून पाहिली होती. तरी त्या प्रश्नानं तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या साऱ्या जणी चुकीच्या आणि मी एकटी बरोबर, असं कसं होईल? कदाचित भिंतीला भेग असेल, मला दिसली नसेल. तिनं पुन्हा एकदा नाचायला कंबर उचलली आणि आजूबाजूच्या नजरा बघून खाली ठेवली. त्या दिवशी ती कोपऱ्यात जाऊन बसली.

मोहोळ उठलं ते स्वच्छ उन्हात. आईला मध्ये घेऊन सगळ्या निघाल्या, आणि काडी सोबत घेतली. रीतीप्रमाणे पुढच्या एका झाडाच्या फांदीवर घोस करून लटकल्या. आधी लटकायचं, मग ठरवायचं. फांदीवर एक काटा रोवला, त्यावर काडी तोलली. काडी थरथरली आणि दक्षिणेला वळली. नुसती वळली नाही, ताठ झाली. इतकी खात्री तिनं कधी दाखवली नव्हती.

"चला! दक्षिणेला घर आहे!"

आईला पुन्हा उडायला लावायच्या आधी चारजणी पुढे पाठवाव्यात, हे सुचलं फक्त रुंजीला, आणि ती स्वतःच गेली. जाऊन बघते तर दक्षिणेला दुसरं मोहोळ एका फांदीवर लटकलेलं. तेही नुकतंच घर सोडून निघालेलं. त्यांच्या काट्यावर त्यांची काडी, आणि तिचं टोक थेट उत्तरेला, रुंजीच्या घोसाकडे.

"बरं झालं आलीस!" तिथल्या वाटाडीला हर्ष मावेना. "आम्ही तुमच्याकडेच निघालो होतो. घर तुमच्याकडे आहे ना?"

रुंजी म्हणाली, "नाही हो बाई. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे आहे."

ती वाटाडी हसली. "चेष्टा करतेस! काडी खोटं बोलेल का?" आणि रुंजी नको नको म्हणत असताना अख्खं मोहोळ उत्तरेला उडालं.

ते येऊन आईच्या घोसाला बिलगलं. वास दुप्पट झाला. मग पूर्वेकडून एक मोहोळ आलं, ओढ्यापलीकडून आणखी एक आलं. जिथे जिथे घर भरलं होतं तिथल्या सगळ्या काड्या आता या एका फांदीकडे बघत होत्या. येणारी प्रत्येक माशी विचारायची, "इथेच ना?" आणि आधी आलेल्या म्हणायच्या, "इथेच असणार, बघा ना किती जणी आल्यात!" फांदी वाकली. ऊन उतरलं आणि उत्तरेचा वारा सुटला. त्या वाऱ्यात उघड्यावर राहिलेलं मोहोळ सकाळी झाडाखालच्या मातीत सापडतं, हे पोरींना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

घोसाच्या आतून आईचा आवाज आला. तो आता फार बारीक झाला होता. "रुंजे, घर आलं का गं?"

रुंजीनं काडीकडे पाहिलं. काडी आता पूर्वेला, पश्चिमेला, कुठेच बघत नव्हती. तिचं टोक खाली वळलं होतं, त्या घोसाकडेच. तांबीनंही ते पाहिलं आणि ती आनंदानं ओरडली, "पोहोचलो! अगं, आपण पोहोचलो!" घोसभर गलका झाला. पोरींनी तर उघड्या फांदीवर मेण लावायला घेतलं.

मग मात्र रुंजीला राहवेना. उजेड अजून होता, आईच्या पंखांत अजून एक उड्डाण होतं. ती घोसाच्या वर चढली आणि बहिणींच्या पाठींवर नाचू लागली. सरळ चालायची, कंबर हलवायची, वळायची, पुन्हा चालायची. वाऱ्याच्या उलट, ओढा ओलांडून, उतारावर. आयुष्यात ती इतकी चोख कधी नाचली नव्हती.

"अगं, ही ताई बघा कशी कुडकुडतेय!" एक पोरगी कळवळून म्हणाली.

"हिरड्यात ढोली आहे!" रुंजी ओरडली. "मी पाहिलीय! माझ्या मागे या!"

"आहे, आहे, ताई," तांबी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "फार दमलीस तू. या गं सगळ्या, ऊब द्या हिला."

सगळ्या आल्या. त्यांच्या मनात माया होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी रुंजीला चहूबाजूंनी कवटाळलं, पायांत पाय अडकवले, पंखांवर पंख टाकले, तिची कंबर हलेनाशी होईपर्यंत. वर काट्यावरची काडी किंचित थरथरली. तिचं टोक आणखी खाली वाकलं आणि बरोबर रुंजीवर येऊन थांबलं.

"काडी ताईला दाखवतेय!" कुणीतरी हरखून म्हणालं, आणि ज्या बाजूला राहिल्या होत्या त्याही येऊन तिला बिलगल्या.