कण्हणारी भिंत

कोळगडच्या राजवाड्यातली भिंत कण्हू लागली! सकाळी तलावाचं पाणी सोडलं, की महाराजांच्या शयनगृहात आधी गुडगुड, मग ठकठक आणि शेवटी रेडा रेकावा तसा आवाज! बलभीम महाराज दचकून पलंगाखाली शिरत.

राजवैद्य म्हणाले, "भिंतीला वात झालाय." ज्योतिषी म्हणाले, "शनी शिरलाय." प्रधान म्हणाले, "महाराजांची कीर्ती भिंतींनाही आवरेना!"

शिक्षा मात्र झाली सटवाजी कुंभाराला. भिंतीतले खापरी नळ त्यानेच भाजलेले.

"कच्चे नळ घातलेस! उद्याच राज्याबाहेर हो!" महाराज कडाडले.

सटवाजीने पागोटं महाराजांच्या पायाशी ठेवलं. त्याची लेक ठकू पुढे झाली. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच.

"महाराज, भिंत गप्प झाली तर?"

"तर तुझा बाप सुटला. पण एकही वीट काढायची नाही, एकही नळ बदलायचा नाही! मुदत उद्याच्या दरबारापर्यंत."

ठकूने भिंतीला कान लावला. आत पाण्यामागे वारा कोंडला होता. ती नळाच्या वाटेने उलटी तलावाकडे निघाली. वाटेत तीन उच्छ्वास होते. नळात शिरलेला वारा बाहेर पडावा म्हणून बांधलेले हे उंच मनोरे. पहिल्याचं तोंड उघडं, दुसऱ्याचंही उघडं. तिसऱ्याच्या तोंडावर चुन्यात पक्का बसवलेला महाराजांचा घोड्यावरचा पुतळा!

"हा कधी बसवला, दादा?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

"महिना झाला. प्रधानांची हौस."

"आणि भिंत कधीपासून कण्हते?"

"हळू बोल, बाई! ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण महाराजांना 'खाली उतरा' म्हणायचं कुणी?"

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला.

"सापडलं कारण?" महाराज गरजले.

"सापडलं. पण ते सांगून कळायचं नाही. महाराजांनी तोंडभर पाणी घ्यावं, नाक घट्ट दाबावं आणि मी म्हणेपर्यंत सोडू नये."

महाराज हट्टी. त्यांनी पाणी भरलं, नाक दाबलं. गाल फुगले, डोळे वटारले, घशातून गुडगुड येऊ लागली.

"वाहवा! काय हा कंठ!" प्रधानांनी मान डोलावली.

फुर्रर्र! सगळं पाणी प्रधानांच्या अंगावर!

"पोरी, जीव घेतेस काय माझा? माणसाला श्वास नको?"

"महिनाभर भिंत हेच ओरडतेय, महाराज. तलावाकडच्या उच्छ्वासातून तिचा श्वास चालायचा. त्याच्या तोंडावर आपण घोड्यासकट बसलात!"

दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते खदखदून हसू लागले.

"प्रधानजी, निथळत काय उभे राहिलात? जा, आधी मला खाली उतरवा!"

पुतळा हलताच मनोऱ्यातून भस्सकन वारा सुटला आणि इकडे भिंत गप्प झाली. महाराजांनी सटवाजीला जवळ बसवलं आणि हसता हसता हुकूम सोडला,

"आजपासून राज्यातले सगळे नळ ठकूच्या ताब्यात. आणि माझा पुतळा कुठे बसवायचा, ते आधी हिला विचारायचं!"