नऊ नंबरच्या खोलीतली सुनावणी

“त्याला या खोलीतून कधी हलवणार, उस्ताद?”

उस्ताद रिबही ताटलीत मसूर निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोणाला?”

“आयदला. तीन दिवस मी तेच सांगतोय.”

“तीन दिवस तू नुसतं हलवा म्हणतोयस. का, ते आज सांग.”

कुसैनं मोरीच्या दाराकडे पाहिलं. आत आयद कपडे धूत होता. बाकीची माणसं तासाभरासाठी अंगणात गेली होती. नळ चालू होता तोवर बोलायला हरकत नव्हती.

“तो त्यांचा माणूस आहे,” कुसै हळूच म्हणाला.

उस्तादांचा हात थांबला.

वाळवंटातल्या त्या तुरुंगात हे वाक्य साधं नव्हतं. एकदा माणसावर खबऱ्या म्हणून शिक्का बसला की त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही. बाहेर गावात त्याच्या घराचा उंबरा कोणी चढत नाही. बहिणीची ठरलेली सोयरीक मोडते. मग तो सुटला काय नि आत राहिला काय, सारखंच.

“तुझ्याकडे पुरावा आहे?”

“मी बातमीदार आहे, उस्ताद. पुराव्याशिवाय बोलत नाही.”

ते त्याला शोभणारं होतं. नाब्लुसच्या आसपासच्या गावांत कुसैचा चेहरा पोरासोरांना ठाऊक होता. बारा वर्षं तो कॅमेऱ्यापुढे उभा राहत आला होता. घर पाडलं, रस्ता अडवला, ऑलिव्हची झाडं तोडली की कुसै तिथं हजर. बातमी आधी आपल्या नाकाला कळते, असं तो स्वतःच सांगायचा. पहाटे सैनिक त्याला घरातून घेऊन गेले, तेव्हा मात्र नाकाला काही कळलं नव्हतं.

नऊ नंबरच्या खोलीत दहा माणसं होती आणि त्यांतल्या एकावरही खटला नव्हता. तिथं याला ‘इदारी’ म्हणतात. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाहीत, शिक्षाही नाही. लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचा एक कागद येतो, बहुधा सहा महिन्यांचा. ते संपत आले की दुसरा कागद. चोरी करून आलेल्याला आपल्या सुटकेची तारीख माहीत असते. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याला ती माहीत नसते.

उस्ताद रिबही आधी शाळामास्तर होते. नंतर तीस वर्षं एका मानवी हक्कांच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून लोकांच्या जबान्या लिहीत. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचं काळ्या शाईनं, ऐकीव असेल ते हिरव्या शाईनं. त्या कामापायी, पाच वेळा मिळून, ते नऊ वर्षं आत काढून चुकले होते. आरोप एकदाही नाही. खोलीनं त्यांनाच आपला म्होरक्या नेमलं होतं; कोण कुठे झोपणार, कोणाला कुठल्या खोलीत पाठवायचं, हे तुरुंगवाल्यांशी तेच बोलत.

कुसैनं गादीच्या शिवणीतून बिस्किटाच्या खोक्याचा एक पुठ्ठा काढला. आतल्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

“नऊ दिवस काम केलंय यावर.”

नऊ दिवस म्हणजे त्याच्या सुनावणीपासून. त्या दिवशी न्यायाधीशानं कुसैला आणि त्याच्या वकिलीणबाईंना बाहेर जायला सांगितलं. आत सरकारी वकील आणि एक फाईल राहिली. बारा मिनिटांनी दोघांना परत बोलावलं. सहा महिन्यांचा हुकूम कायम. “माझा गुन्हा काय?” कुसैनं विचारलं. “सामग्री गुप्त आहे,” दुभाष्यानं सांगितलं. वकिलीणबाईंनी फाईल बंद होताना तेवढी पाहिली होती. बोटभर जाड होती, म्हणाल्या.

ती बोटभर जाडी कुसैच्या डोक्यातून जाईना. तेवढं कोणी सांगितलं असेल? कॅमेरामननं? मेव्हण्यानं? समोरच्या गॅरेजवाल्यानं? तो एकेकाचा चेहरा आठवायचा, त्याचं बोलणं आठवायचा, नि त्यात काहीतरी सापडायचंच. चार दिवसांत त्याला बाहेरचं एकही माणूस सरळ दिसेना. पाचव्या दिवशी नजर खोलीतल्या माणसांवर फिरू लागली, आणि शेवटी आयदवर येऊन थांबली.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

“एक. आम्ही दोघं एकाच आठवड्यात आत आलो. मला सहा महिने दिले, त्याला तीनच. का?... दोन. तो पहारेकऱ्याशी हिब्रूत बोलतो, तेही दाराच्या झडपेपाशी, हळू आवाजात. तीन. आमच्या ऑफिसातली जुनी चित्रीकरणं कुठे ठेवलीत, हे त्यानं मला दोनदा विचारलं. एका फरशी बसवणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय?”

उस्ताद ऐकत राहिले.

“हे आयदला विचारलंस?”

“त्याला विचारून काय होणार? तो नाहीच म्हणणार.”

“त्याला हा पुठ्ठा दाखवलास?”

“दाखवला तर तो सावध होईल. मला हे कुठून कळलं, तेही त्याला कळेल.”

“खरं आहे...” उस्ताद म्हणाले. त्यांनी ताटली बाजूला ठेवली, हात पुसले. “मग आत्ताच निकाल लावू. आयद!”

आयद ओल्या हातांनी बाहेर आला. पस्तिशीचा, खांद्यानं रुंद, पण बोलायला संकोची. कोणी हाक मारली की आधी हसायचा. आताही हसला.

“तुझ्याबद्दल एक विषय आहे,” उस्ताद म्हणाले. “आम्हाला बोलायचंय. तू आत जा, दार लावून घे. नळ चालू ठेव, म्हणजे आमचं तुला ऐकू यायचं नाही.”

आयदचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यानं उस्तादांकडे पाहिलं, कुसैकडे पाहिलं, कुसैच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग तो आत गेला. दार लागलं. नळ सुरू झाला.

उस्तादांनी हात पुढे केला. कुसैनं पुठ्ठा दिला. उस्तादांनी तो उलटा करून गुडघ्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

पाणी वाहत होतं...

“तुम्हाला स्वतः वाचून बघायचं नाही?” कुसैनं विचारलं.

“तू वाचलंस ना? तू नामांकित माणूस आहेस.”

“पण...”

“बस.”

कुसै बसला. बराच वेळ दोघं तसेच बसून होते. दाराआडून पाण्याचाच आवाज येत होता. आत आयद कपडे धूत नव्हता, हे त्या आवाजावरून कळत होतं. पाणी नुसतं फरशीवर पडत होतं.

“ये रे,” उस्तादांनी हाक दिली.

आयद बाहेर आला आणि दारातच उभा राहिला.

“निर्णय झालाय, आयद. उद्या सकाळच्या मोजणीनंतर तू तुझा बिस्तरा उचल. मी दुसरी खोली मागून घेतो.”

“बरं,” आयद म्हणाला. मग थोडं थांबून, “माझं काय चुकलं, उस्ताद?”

उस्तादांनी कुसैकडे मान वळवली.

“सांग त्याला.”

कुसैनं तोंड उघडलं. कॅमेऱ्यापुढे बारा वर्षांत त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

“ते... सांगता येणार नाही,” तो म्हणाला.

आयद त्याच्याकडे बघत राहिला. चिडला नाही. आवाज फक्त अगदी खाली गेला.

“मागच्या दोन खेपा धरून हे मी याआधी तीनदा ऐकलंय, भाई. दर वेळी दुभाष्याच्या तोंडून. आपल्या भाषेत आज पहिल्यांदा ऐकतोय.”



आपण काय बोललो ते कुसैला ऐकू आलं होतं, आणि आता ते परत घेता येत नव्हतं. तो उठला. उस्तादांच्या गुडघ्यावरचा पुठ्ठा उचलला आणि आयदपुढे धरला.

“हे तुझ्याबद्दल लिहिलंय. मी लिहिलंय. वाच.”

पुठ्ठा भिजू नये म्हणून आयदनं आधी ओले हात पँटला पुसले, मग भिंतीशी टेकून तो सावकाश वाचू लागला. तो फार शिकलेला नव्हता. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली.

“तीनच महिने का, ते मला नाही माहीत,” तो म्हणाला. “मी वकिलाला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. मी खोलीत येऊन सांगितलं, तेव्हा मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

“आणि पहारेकरी?”

“पंधरा वर्षं त्यांच्या शहरांत फरश्या बसवल्या. भाषा तिथंच शिकलो. त्याला मी डॉक्टरची चिठ्ठी मागतो. मूत्रपिंडात खडा आहे. लघवीतून रक्त जातं, ते दहा माणसांत मोठ्यानं कसं सांगू?”

कुसै खाली बघत होता.

“आणि ती चित्रीकरणं...” आयद थांबला. “आमचं घर पाडलं त्या दिवशी तुम्ही आला होतात. सात वर्षं झाली. माझी आई तुमच्याशी बोलली. दगडांवर बसून, चांगलं दहा मिनिटं. टीव्हीवर त्यातलं एकच वाक्य आलं. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून विचारत होतो, ते जपून ठेवलेलं असतं का.”

कुसैनं आठवून पाहिलं. घरं आठवली, बुलडोझर आठवले. दगडांवर बसलेल्या बायका तर कितीतरी आठवल्या. आयदची आई त्यांत कुठली, ते काही आठवेना.

“नाव काय होतं त्यांचं?” त्यानं विचारलं.

“फौझिया.”

“मला... आठवत नाहीये.”

“हं,” आयद म्हणाला. त्यानं पुठ्ठा परत दिला, आत गेला आणि उरलेले कपडे पिळू लागला.

“आयद,” उस्तादांनी पाठमोऱ्या त्याला म्हटलं, “तुझा बिस्तरा आहे तिथंच राहणार. मी तुला विचारल्याशिवाय तुला यात ओढलं. माझं चुकलं. माफ कर.”

आयद वळला नाही. दुपारी तो जेवलाही नाही. संध्याकाळच्या मोजणीनंतर उस्तादांनी त्याच्यापुढे मसुराचा वाडगा ठेवला, तेव्हा त्यानं दोन घास घेतले. त्याच रात्री झोपण्याआधी उस्तादांनी झडपेपाशी जाऊन स्वतःच्या नावानं डॉक्टरची मागणी नोंदवली. मग ती रोज नोंदवत राहिले, सात दिवस, डॉक्टर येईपर्यंत.

कुसैचं तसं लगेच काही बदललं नाही. फाईल होतीच. बोटभर जाडीही होती. दोन दिवसांनी त्यानं उस्तादांना विचारलं, “मग ते कोणी सांगितलं असेल, हे मला कळायचं कसं?”

“कळणार नाही.”

“मग मी काय करू?”

“तुला लिहिता येतं ना?”

“येतं.”

“मग ज्याचं नाव लिहिशील, त्याला दाखवून लिही.”

तिसऱ्या दिवशी कुसै आयदच्या बाजेशी जाऊन बसला. त्याची जबानी लिहायची परवानगी मागितली. आयदनं जरा वेळानं मान हलवली. पूर्ण नाव, वडलांचं नाव, गाव, कितवी ऑर्डर, किती महिने. लिहून झालं की कुसै वाचून दाखवायचा, आणि आयद एखादा शब्द बदलायला लावायचा. मग पलीकडच्या बाजेवरचा. मग त्याच्या पलीकडचा. खोलीत एक औषधांच्या दुकानातला माणूस होता, एक कायद्याचा विद्यार्थी, दोघं संस्थांत काम करणारे, एक म्हातारा द्राक्षबागवाला. महिनाभरात, कुसैची स्वतःची धरून, नऊ जणांच्या जबान्या झाल्या. वकिलीणबाई भेटीला आल्या तेव्हा कुसैनं त्या तोंडपाठ सांगितल्या आणि बाईंनी उतरवून घेतल्या. फौझियाबाईंची टेप शोधायला त्यानं ऑफिसला निरोप पाठवला. ती सापडली, असा उलट निरोप आला. आयदनं तो निरोप कुसैकडून तीनदा म्हणवून घेतला.

दहावी जबानी उस्तादांची. ते रोज उद्यावर ढकलत. “मी बाहेर जातोच आहे,” म्हणत.

त्यांची मुदत खरंच संपत आली होती. त्या सकाळी त्यांनी दाढी केली, खोलीत सगळ्यांना मिठी मारली. स्वेटर द्राक्षबागवाल्याला दिला, चपला कुसैला. बाहेर त्यांची मुलगी फाटकाशी गाडी घेऊन उभी असणार होती. दार उघडलं, ते गेले. माणसं कितीतरी वेळ दाराशीच घोटाळत राहिली.

दोन तासांनी दार पुन्हा उघडलं.

उस्ताद आत आले. पायांत बाहेरचे बूट, हातात एक कागद. फाटकापाशी पोचल्यावर दिला होता. चार महिने.

म्हातारा द्राक्षबागवाला स्वेटर काढायला लागला. उस्तादांनी हातानंच त्याला नको म्हटलं. बूट काढून दाराशी नीट जोडीनं ठेवले. आपल्या बाजेवर बसले, कागदाची घडी घातली.

“मुलगी होती फाटकाशी?” आयदनं विचारलं.

“होती. लांबून हात केला तिनं... मीही केला.” मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “आज कोणाची पाळी आहे? भात लागलाय का कुठे? वास येतोय.”

आयद शेगडीकडे धावला.

कुसै त्यांच्यासमोर खाली बसला.

“उस्ताद, नऊ वर्षं झाली. काय लिहिलंय हो त्या फाईलमध्ये? एकदा तरी बघावीशी नाही वाटली?”

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं... मग त्याच्या खिशातला पेन स्वतःच काढून दहाव्या जबानीसाठी त्याच्या हातात दिला.

“ती माझी कुठे आहे, बेटा? ज्यानं लिहिली, त्याची आहे.”