एटसेट्रात किती जणी?

दुपारचे साडेतीन. नगर वाचनालयाची मागची खोली. वीज गेलेली.

"मास्तर, ई. जी.नंतर कॉमा द्यायचा की नाही? दिल्लीचा डेस्क म्हणतो द्या. माझं पुस्तक म्हणतं, नको."

विचारणारी ऋता निमकर. इंग्रजी दैनिकाची वार्ताहर, विद्यापीठात पहिली आलेली आणि ते न विसरलेली. समोर सोलकर मास्तर. चाळीस वर्षं छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासलेला माणूस.

"डेस्क देतो ना? मग द्या. वाक्य काय आहे?"

आदल्या सकाळी बंदरावरच्या मासळी कारखान्यात अमोनियाची गळती झाली होती. ऋताने आपल्या बातमीचा छापून आणलेला मसुदा पुढे केला. 'कामगार महिलांना, ई. जी., सुनंदा पावसकर, रेश्मा मुजावर, एटसेट्रा, वेळीच बाहेर काढण्यात आले. सर्व सुखरूप.'

"'उदाहरणार्थ' म्हणून ई. जी. आणि 'वगैरे' म्हणून एटसेट्रा, दोन्ही कशाला? काम एकच. एक काढा."

"कुठलं?"

"एटसेट्रात किती जणी आहेत, त्यावर ठरेल."

ऋता हसली. "मास्तर, मी कॉमा विचारतेय. पाचला पान सुटतंय माझं."

"मग बसा. मी प्रूफ धरतो. तुम्ही मूळ वाचा."

छापखान्याची जुनी रीत. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, चिन्हांसकट. दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचं.

ऋताने फोनवर कंपनीचं पत्रक उघडलं. बातमी त्यावरूनच केली होती.

"...रेश्मा मुजावर, कॉमा, एटसेट्रा, कॉमा..."

बोट थांबलं.

"उघडून वाचा."

"काय उघडून?"

"एटसेट्रा."

"मुळातच तसं आहे, मास्तर. पत्रकातच."

"ते कंपनीचं मूळ. तुमचं कुठाय?"

...

"फाटकावरच्या हजेरीवहीचा फोटो आहे," ती हळू म्हणाली. "कालच काढला. बघितला नाही नीट."

"का?"

"तेवढ्यात पत्रक आलं..."

"छान इंग्रजीत."

तिने फोटो मोठा केला आणि वाचू लागली.

"सुनंदा पावसकर. रेश्मा मुजावर. फुलमनी. एतवारी. जसमती. बिरसी. सुगन. मंगरी."

पहिल्या दोघी गावातल्या. पुढच्या ठेक्यावरच्या, झारखंडहून आणलेल्या. त्यांना वहीत आडनावं नव्हती. नवव्या ओळीत नावही नव्हतं. नुसता अंगठा.

मास्तरांचं बोट अजून तिथेच होतं.

ऋताने रुग्णालयाला फोन लावला. "काल कारखान्यातून किती जणी आल्या?... दोनच? परत बघता का, प्लीज?... बरं."

मग ठेकेदाराला. बंद. कंपनीच्या अधिकाऱ्याला. "मॅडम, सगळं पत्रकात आहे," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

"बाहेर जाण्याचा रकाना असेल," मास्तर म्हणाले.

"आहे."

"वाचा."

"दोन सह्या. सुनंदा, रेश्मा." तिने फोटो खाली सरकवला. "खाली कोरं."

...

"मास्तर, मी काय लिहू? पत्रकात 'सर्व सुखरूप' म्हटलंय. कुठे असतील त्या, मला माहीत नाही. गावी गेल्या असतील. कोणी दडवल्या असतील. किंवा..."

मास्तरांनी प्रुफावरचं बोट उचललं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"नऊ जणी आत गेल्या. दोघी बाहेर आल्या. एवढंच माहीत आहे, एवढंच लिहा."