खोली मागितली, सिनेमा आला

बोरखिंडी गावाला बाळंतपणाची खोली हवी होती, आणि त्याच गावात पिराजी नावाचा ग्रामपंचायतीचा एक भोळा शिपाई होता. या दोन गोष्टी एका गावात असू नयेत. पण होत्या, त्याला कोण काय करणार!

गावातल्या बाईला कळा सुरू झाल्या की तिला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागे. रस्ता असा, की निम्मी बाळं जीपमध्येच जन्मायची. आता पिराजीची बायको सुंदरा पोटुशी होती. सरपंच केराआक्कांनी सरकारकडे पुन्हा एकदा खोली मागितली. सरकारनं या वेळी लगेच मनावर घेतलं आणि सिनेमा पाठवला.

सिनेमा म्हणजे माहितीपट. कुठल्या देशात बाळंतिणीला काय मिळतं, कामगाराला काय मिळतं, कैद्याला काय मिळतं, याची तुलना. शाळेच्या खिडक्यांना कांबळी लावून भर दुपारी दाखवला. सोबत आलेले साहेब म्हणाले, "यातली धोरणं ज्या गावात उतरलेली दिसतील, त्या गावाला खोली. समिती येऊन बघून जाईल." एवढं बोलून साहेब खुर्चीत झोपले. गाव त्यांच्या आधीच घोरत होतं. एकटा पिराजी डोळे ताणून बसला होता.

"पिराजी, तुला समजला का रं सिनेमा?" आक्कांनी विचारलं.

"समजला की. सगळा."

"मग जे बघितलंस ते गावात कर. खोली तुझ्याच बायकोला लागणार हाय."

"करतो," पिराजी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी शेलक्यांची म्हैस व्याली. सिनेमातल्या एका देशात मूल झालं की बापालाही भरपगारी रजा मिळायची. पिराजीनं चौकशी करून रेडकाचा बाप शोधून काढला. दौलत माळ्याचा रेडा. तो भर चढावर उसाचा गाडा ओढत होता. पिराजीनं त्याला तिथंच सोडवला. गाडा मागं मागं गेला आणि ओढ्यात जाऊन बसला. पिराजीनं रेडा म्हशीशेजारी बांधला आणि पुढ्यात ओला चारा टाकला.

"पिराजी, काय केलंस हे?" आक्का ओरडल्या.

"सिनेमातलं केलं, आक्का. बाप हाय त्यो. रजेवर हाय."

"आरं, सिनेमा माणसांसाठी असतो! जनावराला कसली रजा? तू फक्त माणसांचं बघ."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलंच त्यानं. शहाण्या माणसाला दहा वेळा सांगावं लागतं. पिराजीला एकदाच सांगितलं की पुरे, आणि सगळी पंचाईत तीच होती.

पुढं गावाच्या विहिरीतला गाळ काढायचं काम निघालं. तुळशीराम आत उतरलेला, पिराजी वर रहाटावर. दिवसभर गाळ उपसला. शेवटी तुळशीराम पाटीत बसला आणि पिराजी त्याला वर ओढू लागला. निम्म्यात आणला आणि शाळेची पाचची घंटा झाली. सिनेमातल्या एका देशात कामाची वेळ संपली की कुणी हाक मारली तरी ओ द्यावी लागत नव्हती. तुळशीराम तर माणूसच होता. पिराजीनं दोर खांबाला बांधला आणि तो घरी गेला.

"पिराजी! ए पिराजी!" विहिरीतून हाका यायला लागल्या.

पिराजीला त्या घरापर्यंत ऐकू येत होत्या. तो सुंदराला कौतुकानं म्हणाला, "बघ, तरी मी ओ देत न्हाई."

तुळशीरामला बाहेर काढला तेव्हा तो एकदा देवाचं नाव घेत होता आणि एकदा पिराजीच्या घराण्याचं.

"पिराजी, काय केलंस हे?"

"सिनेमातलं केलं, आक्का."

"आरं देवा! माणूस कुठं अडकला असंल तर आधी त्याला बाहेर काढायचं. बाकी सगळं मागनं."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

मग गावात चोर सापडला. देवळातल्या समया पोत्यात घालून निघाला होता. गावात कुलूप लागणारी जागा एकच, कोंडवाडा. मोकाट जनावरं पकडून तिथं घालायची, चारापाणी द्यायचं आणि मालक आला की दंड घेऊन सोडायची. जनावरांसाठी खोली गावाला केव्हाच मिळाली होती. चोराला पोत्यासकट तिथं कोंडलं, आणि पोलीस येईपर्यंत पिराजीला दारात बसवलं. यात पिराजीची काही चूक नाही. त्याला दारात बसवणाऱ्याचं डोकं तपासायला हवं होतं.

"तू अडकलाईस व्हय?" पिराजीनं गजांतून विचारलं.

"लई अडकलोय बघा," चोर म्हणाला.

सिनेमातल्या एका देशात कैद्याच्या हातात त्याच्याच खोलीची किल्ली देत होते. विश्वास ठेवला की माणूस सुधारतो म्हणे. पिराजीनं किल्ली दिली.

"समया काळ्या पडल्यात," चोर म्हणाला. "घासून आणून देतो."

"नक्की देतोस न्हवं?"

"देतो म्हणजे देतो."

समया गेल्या त्या गेल्याच. जाताना चोरानं कुलूपही नेलं. आक्कांनी कपाळावर हात मारला.

"देतो म्हणाला आनि तू सोडलंस? आरं, देतो तर सगळेच म्हणत्यात! आधी ती वस्तू डोळ्यांनी बघायची, मगच दार उघडायचं. तोवर मी सांगितलं तरी उघडू नगंस! आनि हितनं पुढं अनोळखी माणूस दिसला की आधी कोंडून घाल."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

समितीचा दिवस उजाडला. गावानं वेशीवर तोरण बांधलं, वाजंत्री बोलावली. समिती मात्र शेतातल्या वाटेनं मागून आली. अचानक भेट द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. अध्यक्ष आणि दोन सभासद थेट कोंडवाड्यापाशी उगवले.

"हा कोणता उपक्रम?" अध्यक्षांनी पिराजीला विचारलं.

"आत जाऊन बघा की."

ते आत गेले. पिराजीनं नवं कुलूप लावलं. मग तीन पेंढ्या कडबा आत टाकला आणि पाण्याची बादली ठेवली. आत आधीची एक शेळी होती, ती अध्यक्षांच्या पिशवीला लागली.

"अरे, उघड! आम्ही समिती आहोत!"

"समिती आमच्या वळखीची न्हाई. तुमचा मालक कोन? त्यो आला की सोडतो."

"आमचा मालक? शासन!"

"मग बोलवा शासनाला."

"शासन असं कुठं येतं का?"

"ते खरं हाय," पिराजी म्हणाला. "आमच्याकडंबी कधी आलं न्हाई."

आरडाओरडा ऐकून वाजंत्रीसकट सगळं गाव धावत आलं. आक्कांना धाप लागली होती. "साहेब, माफी असावी. माणूस भोळा हाय. पिराजी, उघड आधी!"

पिराजीनं कमरेची किल्ली काढून कुलपाला लावली. इतक्यात शेळीनं पिशवी संपवून अध्यक्षांचं धोतर धरलं, आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "उघड लवकर! तुमची खोली देतो! देतो म्हणजे देतो!"

पिराजीचा हात थांबला. त्यानं किल्ली परत कमरेला खोचली.

"आक्का, हे बी देतो म्हणत्यात."

"आरं पिराजी, मी सांगते, उघड!"

"तुमी सांगितलं तरी उघडायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय. आधी खोली डोळ्यांनी बघायची."

आक्का पुढं काही बोलणार होत्या. तेवढ्यात त्यांना गर्दीत कमरेवर हात ठेवून उभी असलेली सुंदरा दिसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग समितीकडे पाहिलं, आणि कोंडवाड्याच्या दगडावर बसकण मारली.

"सांगितलं हुतं खरं," त्या म्हणाल्या.

"अहो बाई!" अध्यक्ष गजांना धरून रडकुंडीला आले. "खोली काय आत्ता दिसते? बांधायला वर्ष लागेल!"

"वर्ष?" पिराजीला पहिल्यांदाच काळजी वाटली. त्यानं आतल्या पेंढ्यांकडे पाहिलं आणि तो आक्कांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "आक्का, एवढा कडबा पुरायचा न्हाई."