बेचाळिसावी चूक

चपला काढा आधी. तिकडे कडेला ठेवा, आणि पाण्याच्या बाटल्या खळग्यांत टेकवू नका. टेबल नाही ते तुमचं.

आगरवेळचा हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं हे उघडं कातळ, त्यावर मोजून तीनशे बारा खळगे आहेत. परवा एक शहाणा आला, म्हणाला पावसाच्या पाण्याने पडले असतील. दुसरा म्हणाला पांडवांनी जेवायला ताटं कोरली. जिथे तिथे आपले पांडव! त्यांना काय दुसरे उद्योग नव्हते? हे खळगे एका खारवी, म्हणजे दर्यावर्दी घरच्या, बाईने खोदले. साळूबाय तिचं नाव. बारा वर्षं खोदले आणि संतापाने खोदले. प्रत्येक खळगा म्हणजे आभाळातली एक चांदणी. ठळक चांदणीचा खळगा खोल, अंधूक चांदणीचा उथळ, आणि चांदणी किती उंच चढते ते खळग्याच्या जागेवरून कळतं. तिच्याआधी या किनाऱ्यावर कुणी एवढ्या चांदण्या मापल्या नव्हत्या, असं सांगतात.

साळूचा नवरा धाको तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. त्या काळी ही माणसं भर समुद्रात आपला गाव कशी ओळखायची? एक लाकडी फळी, तिला ओवलेली दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी ताणून समोर धरायची. खालची कड पाण्याच्या रेषेला, वरची कड चांदणीला. दोन्ही जुळलं, की समजायचं आपला गाव सरळ उगवतीला आहे, वळवा सुकाणू. प्रत्येक चांदणीची गाठ वेगळी. कुठली गाठ किती बोटांवर, ते गावच्या पंचांगवाल्या जोशांच्या पोथीत लिहिलेलं. जोशी वाचायचे आणि गाठी मारायची ती तांडेलाच्या बायकोने. दुसऱ्या कुणी त्या दोरीला हात लावायचा नाही, असा रिवाज होता.

एका मार्गशीर्षात धाको मलबाराहून परत येत होता. अगस्तीची चांदणी फळीला जुळली, त्याने सुकाणू वळवलं आणि गलबत खाडीत शिरण्याऐवजी दक्षिणेच्या खडपावर आपटलं. धाको आणि त्याची अकरा माणसं गेली. ज्याला वारा आणि समुद्र तळहातासारखे ठाऊक, तो घराच्या दारात खडपावर जाईलच कसा? गावाने उत्तर लगेच शोधलं. प्यायलेला असणार! मेलेला माणूस काय उलट बोलणार?

तेराव्यानंतर साळू जोशांच्या ओसरीखाली जाऊन उभी राहिली. त्र्यंबकभट जोशी विद्वान खरे, पण जीभ कात्रीची.

"भटजी, पोथीतला अगस्ती एकदा तपासून बघा," ती म्हणाली. "माझा माणूस पीत नव्हता."

त्र्यंबकभट हसले म्हणे. "अगस्तीने समुद्र प्यायला, तुझ्या घोवाने माडी. त्यात पोथीचा काय दोष गो?"

ओसरीवर बसलेली माणसंही हसली. साळूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे तिने सांगून टाकलं, "माझ्या माणसाचं नाव धुऊन काढीपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही." खारव्याच्या बाईने मासळी सोडायची म्हणजे काय, ते तुम्हाला शहरात कळायचं नाही.

धाकोसाठी तिने दोऱ्या दोन केल्या होत्या, एका मापाच्या. एक गलबतावर गेली आणि बुडाली, दुसरी घरात शिंक्यावर होती. ती दोरी आणि एक फळी घेऊन साळू या सड्यावर आली. पौषाचं दहिवर पडत होतं. अगस्ती सगळ्यांत उंच चढला तेव्हा तिने गाठ दातांत धरली, फळी समोर केली. जुळेना. चांदणी फळीच्या वरच्या कडेला पोचलीच नाही. पुन्हा धरली, पुन्हा तेच.

"खोटी! पोथी खोटी!" ती एवढ्याने ओरडली की खाली वाडीत कुत्री भुंकायला लागली. आणि घरून छिन्नी आणून तिने त्याच रात्री पहिला खळगा खोदला.

पण एका चांदणीवरून तिचं कोण ऐकणार? म्हणून तिने ठरवलं, पोथीतली एकूण एक चांदणी मापायची; गाठी मारता मारता पोथीतली बोटं तिला पाठ झालेलीच होती. ती दोरी पुन्हा शिंक्यावर गेली. रोजच्या कामाला तिने सासऱ्याची जुनी, मिठात मुरलेली दोरी घेतली. दिवसा जाळी विणायची, दिवे लागले की सडा चढायची. पोथीत चांदण्या नव्वद. ती नव्वदवर थांबली नाही. जी डोळ्याला दिसली ती मापली, जिला नाव नव्हतं तिला नाव दिलं. आणि पोथीतली एकेक चूक हाती लागली की तिच्या रागाला ऊत यायचा. नकलेवर नक्कल करत आलेली पोथी ती, कुणी पाच बोटं खाल्ली, कुणी दोन वाढवली, आणि पिढ्यानपिढ्या एकाही जोशाने मान वर करून आभाळ बघितलं नव्हतं! गाव तिला वेडी म्हणायचा, पोरं दारुड्याची बायको म्हणून दगड मारायची. ती दगड उचलायची आणि छिन्नीवर हाणायला वापरायची.

अशी बारा वर्षं गेली. एक्केचाळीस चुका सापडल्या. शेवटी तिने अगस्ती घेतला. पहिला खळगा पहिल्या रात्रीचा, घाईचा होता. तो मुरलेल्या दोरीने पक्का करावा म्हणून.

फाल्गुन होता, दिवस नुकताच मावळला होता. साळूने दोरीवर पोथीतली बोटं मोजून गाठ मारली, दातांत धरली, फळी ताणली. खालची कड पाण्याला लागली, वरची अगस्तीला. बोटाचंही अंतर नव्हतं. पोथीतला अगस्ती बरोबर होता.

तिने तीन दिवस मापलं. तिन्ही दिवस तेच. चौथ्या दिवशी तिने शिंक्यावरची दोरी खाली काढली आणि सासऱ्याच्या दोरीशेजारी कातळावर पसरली. दोन बोटं आखूड! त्या पहिल्या रात्रीच्या दहिवरात ती आटली होती.

तेव्हा तिला आठवलं. नवी दोरी आठ दिवस खाऱ्या पाण्यात भिजवायची, ताणून सुकवायची, मग गाठी मारायच्या. खारव्याच्या पोरीला हे बोलता येण्याआधी कळतं. पण त्या वर्षी गलबत दोन दिवस आधी निघालं होतं. आणि तिने म्हटलं होतं, एवढ्याने काय होतंय? कोऱ्या दोरीलाच गाठी मारून तिने ती धाकोच्या हातात दिली होती. समुद्राचं पाणी लागलं, दोरी आटली, फळी डोळ्याजवळ आली, आणि उत्तरेला येताना खाली उतरत जाणारी ती चांदणी गावाच्या आधीच जुळली.

साळू त्या संध्याकाळी स्वतःच्या हातांवर दगडाने मारत बसली होती, असं सांगतात. छिन्नी तिच्या हातात होती. पहिला खळगा तसाच ठेवून गप्प बसली असती, तर कुणाला कळलं असतं? तिने खऱ्या जागी दुसरा खळगा खोदला. ते बघा, दक्षिणेच्या कडेला, दोन बोटांच्या अंतराने जोडखळगे. चुकीचा तिने बुजवला नाही.

पाडव्याला देवळात पंचांग वाचायला सगळा गाव जमला होता. त्र्यंबकभट पोथी उघडणार, तोच साळू पुढे आली.

"भटजी, तुमचा अगस्ती बरोबर होता. बारा वर्षं तुम्हाला खोटं म्हटलं, ते माझं चुकलं. दोरी मी भिजवली नव्हती. धाको दोरीने सांगितलं तिथेच वळला. माणसं माझ्या हातून गेली."

एक म्हातारी उठली. तिचे दोन मुलगे त्या गलबतावर होते. तिने साळूच्या थोबाडीत ठेवून दिली. साळूने हात वर केला नाही. गाल लाल झालेला, तशीच ती जोशांकडे वळली.

"माझी चूक मी सांगितली. आता तुमच्या एक्केचाळीस तुम्ही सांगा."

"पोथी चुकत नाही!" त्र्यंबकभट गरजले.

"मग बसा पोथीला कवटाळून!" साळूही गरजली. "पुढचं गलबत फुटलं की सांगा, तोही प्यायलेला होता!"

त्या संध्याकाळी गावातले सगळे तांडेल फळ्या घेऊन सड्यावर आले. चांदणीमागून चांदणी मापली, आणि दर वेळी साळूचा खळगा खरा ठरला. त्यानंतर वर्षभर जोशांकडे कुणी गाठ विचारायला गेलं नाही. गलबतं साळूच्या मापाने गेली आणि सगळी परत आली.

पुढच्या पाडव्याला त्र्यंबकभट स्वतः अनवाणी सडा चढून आले. गाव मागोमाग. त्यांनी पोथी उघडली आणि एकेक चूक वाचली, एकेक दुरुस्ती केली. एक्केचाळीस. घसा कोरडा पडला, अंगरखा घामाने भिजला. पोथी मिटायला लागले तर साळूने ती हाताने अडवली.

"अजून एक राहिली."

"एक्केचाळीस झाल्या गो! मोज हवं तर."

"बेचाळिसावी पोथीत नाही. ती तुमच्या तोंडातून गेली होती."

त्र्यंबकभटांनी मान खाली घातली आणि सगळ्या गावासमोर तो शब्द मागे घेतला. त्या दिवशी साळूने घरी जाऊन मासळी रांधली म्हणे, पण तिला घास गिळवला नाही.

आजही आगरवेळचं पंचांग देवळात वाचत नाहीत, इथे या कातळावर वाचतात. जोशांच्या घरातला कर्ता अनवाणी येतो. आधी त्या एक्केचाळीस चुका म्हणतो, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो, "धाको तांडेल प्यायलेला नव्हता."

तेव्हा तांडेलांच्या घरच्या सगळ्या बायका उभ्या राहतात आणि उत्तर देतात, "दोरी कोरी होती."

मगच पंचांग उघडतं.