पारड्यातली माळ

खरं-खोटं तराजूच जाणे, पण गोष्ट जुनी आहे. एका बाजारात सगळ्यांचा मिळून एक तराजू होता. दसऱ्याला त्याची पूजा झाली आणि झेंडूची माळ वजनांच्या पारड्यात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी धुरपदा मिरच्या विकायला आली, तर पारडं बरोबरीला येईना. मूठभर मिरच्या जास्त घालाव्या लागल्या. तिने माळेकडे पाहिलं, हात जोडले आणि ती तशीच राहू दिली.

तराजूला ते सोसेना. "माळताई, खाली उतरा."

"का म्हणून? बाजाराच्या नियमात 'फूल नको' असं कुठं लिहिलंय?"

"'तोलण्याआधी दोन्ही पारडी रिकामी' एवढंच लिहिलंय. त्यात दगडाचंही नाव नाही."

"मला दगडाच्या रांगेत बसवतोस? मी देवाची आहे!"

"तेच तर दुखणं आहे," तराजू म्हणाला. "दगड असता तर हिने केव्हाच उचलून फेकला असता. तुम्हाला हात लावायला ती धजत नाही."

माळेने समोरच्या पारड्यातल्या जादा मिरच्यांकडे पाहिलं. मग आपणहून घसरून खाली पडली. धुरपदाने ती लगबगीने उचलली, कपाळाला लावली आणि खांबाच्या खुंटीला अडकवली. मग पारड्यातल्या मूठभर मिरच्या काढून तिने आपल्या पाटीत परत टाकल्या.